हात कामून आखडला

पेडगावात बारसं असो, लग्न असो की मारुतीच्या देवळापुढचा भंडारा, बायांच्या पंगतीला वाढायला बायनाबाई आहेत म्हटलं की यजमानाचा अर्धा घोर मिटायचा. डाव्या हातात वरणाची बादली, उजव्या हातात वगराळं, पदर कमरेला खोचलेला, अशा त्या पंगतीच्या एका टोकाला उभ्या राहायच्या आणि एकदा निघाल्या की दुसरं टोक येईपर्यंत थांबायच्या नाहीत. कुणाला किती, हे त्यांना विचारावं लागत नसे. रानातून थेट आलेल्या बाईला वगराळं काठोकाठ, लेकुरवाळीला त्याहून थोडं वर, परभणीहून आलेल्या नोकरदारणीला अर्धंच. बादली रिकामी व्हायची ती शेवटच्या पत्रावळीवर. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं.

म्हणून हनुमान जयंतीच्या भंडाऱ्यात त्या पंगतीच्या मध्यावर थबकल्या, तेव्हा आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. वगराळं भरलेलं, हात अधांतरी आणि समोर दोन पत्रावळी. हिला वाढलं की हिला वाढायचंय? हात डावीकडं निघाला, परतला. उजवीकडं निघाला, तिकडूनही परतला. वरण पायावर सांडून चटका बसला तेव्हा त्या भानावर आल्या.

"मावशे, उभ्या उभ्या डोळा लागला का काय?" पंगतीतली एक पोरगी हसली.

बायनाबाईही हसल्या. पण त्यांनी बादली खाली ठेवली, पाणी प्यायचं निमित्त केलं आणि तशाच घरी निघून आल्या. त्यानंतर त्या वाढायला गेल्या नाहीत. कुणी बोलवायला आलं की गुडघ्यावर हात ठेवायच्या. गुडघे त्यांचे चांगले ठणठणीत होते.

घरात हे पहिल्यांदा ओळखलं ते सुनेनं, सवितानं. भाजीत मीठ एक तर पडायचंच नाही, नाही तर दोनदा पडायचं. बाजारातून परत आलेल्या पिशवीत हळदीचे तीन पुडे निघायचे. सख्ख्या भाचीला बायनाबाई घटकाभर "अगं, ती ही" म्हणत राहिल्या आणि नाव आठवलं ते भाची फाटकाबाहेर गेल्यावर. सविता पुडे गुपचूप डब्यात भरायची, भाजीत पाणी वाढवायची. दिनकरराव, म्हणजे बायनाबाईंचे मालक, म्हणायचे, "वय झालंय तिचं. सदुसष्ट म्हंजी काय कमी हाय का?" सविताला ते पटत नव्हतं. दिवाळी झाली, कापसाची पहिली वेचणी उरकली आणि एका सकाळी ती सासूपुढं चप्पल घालून उभी राहिली.

"आत्याबाई, माझ्यासंगं परभणीला चला. दवाखान्यात."

"मला काय झालंय?"

"तेच इचारायला जायचंय."

परभणीच्या डॉक्टरांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं ते परत विचारले. बायनाबाईंना तीन आठवले. घड्याळाचं चित्र काढायला लावलं, तर सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. पुढं तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो निघाले. शेवटी डॉक्टर सावकाश बोलले. वयाच्या मानानं विसर जरा जास्त पडतोय, ठरवायला वेळ लागतोय, पण हे वेड नाही, रोजचं सगळं त्या स्वतःच्या स्वतः करू शकतात, असं त्यांनी सांगितलं. हे वाढेल का, असं सविताने विचारलं तेव्हा म्हणाले, "कुणाचं वाढतं, कुणाचं वर्षानुवर्षं तसंच राहतं. आज कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही."

परतीच्या एसटीत बायनाबाई खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी चहा ठेवला, साखर एकदाच घातली, आणि सविताला दाखवून घातली.

गावात मात्र व्हायचं तेच झालं. डॉक्टर म्हणाले वेड नाही, आणि चावडीपर्यंत पोचेस्तोवर त्याचं वेड झालं. पण त्याचं दुःख बायनाबाईंना तेवढं नव्हतं. दुःख होतं ते दिनकररावांचं. सात एकरांतल्या कुठल्या तुकड्यात तूर आणि कुठल्यात सोयाबीन, हे त्यांनी लग्न झाल्यापासून बायकोला विचारल्याशिवाय ठरवलं नव्हतं. आता ते सविताला विचारायचे, फोनवर मुलाला, आदिनाथला विचारायचे. तो गंगाखेडच्या साखर कारखान्यात नोकरीला होता आणि त्याला तुरीतलं काही कळत नव्हतं. आज भाजी कोणती, इतकंसुद्धा बायनाबाईंना कुणी विचारेना. सगळे त्यांच्याशी गोड बोलायचे. आजारी माणसाशी बोलावं तसं.

"मला कामून इचारत न्हाईत तुमी?" एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"उगं तुझ्या डोक्याला तरास नको म्हनून."

बायनाबाईंनी सूप ओढलं आणि तांदूळ पाखडायला घेतले.

माघ महिन्यात त्याच डॉक्टरांनी पाठवलं म्हणून ईश्वरी गावात आली. परभणीतल्या दत्तोपंत नावाच्या एका शाळामास्तरांची ही मुलगी. फिजिओथेरपी शिकलेली, आणि आता पुण्याच्या एका संस्थेत संशोधन करणारी. बायनाबाईंसारखा विसर पडणाऱ्या माणसांचा हात कसा हलतो आणि हलण्याआधी त्यांच्या मनात काय ठरतं, हा तिचा विषय. समाजमंदिराच्या खोलीत तिनं टेबल मांडलं होतं, वीज गेली तर असावी म्हणून बॅटरी आणली होती, आणि पहिल्या दिवशी तिनं बायनाबाईंपुढं चार पानांचा कागद ठेवला.

"मावशी, हे सगळं वाचून दाखवते. पटलं तरच सही करायची. मधेच नकोसं वाटलं तर उठून जायचं, कारणसुद्धा सांगायचं नाही."

दिनकरराव पुढं सरसावले. "आन तो कागद. सही मी करतो."

"नाही काका, सही यांचीच लागेल. यांना सगळं समजतं."

बायनाबाईंनी मान वर करून त्या मुलीकडे नीट पाहिलं. मग कागद पूर्ण ऐकला. चार पानं ऐकायला बराच वेळ लागला, एक पान त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"सुई टोचता का?"

"नाही."

"आन् मी चुकले तर?"

"तर तेही आम्हाला हवंच आहे. चुकण्यासाठीच बोलावलंय म्हणा ना."

अशी परीक्षा त्यांनी कधी ऐकली नव्हती. साक्षरता वर्गात शिकलेली सही त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत केली. कितीतरी महिन्यांनी एखादी गोष्ट फक्त त्यांच्या "व्हय" म्हणण्यावर अडली होती.

टेबलावर एक चपटा पडदा आडवा ठेवला होता आणि त्यावर सरकणारी एक गुळगुळीत मूठ. मूठ धरायची, मधल्या गोल खुणेवर आणायची. टिंग असा आवाज झाला की पडद्यावर डावीकडं आणि उजवीकडं शेंगदाण्याच्या लाडवांचे दोन ढीग उमटायचे, एक मोठा, एक लहान. कधी फरक ढळढळीत, कधी एखाद्या लाडवाचाच. ज्या ढिगात जास्त लाडू, तो आपला म्हणून मूठ तिकडं न्यायची, आणि न्यायची ती पटकन. जितकं जास्त जिंकाल तितके खरे लाडू शेवटी घरी न्यायचे. अशा शंभरावर खेपा, मधे मधे विसावा.

"ह्यानं काय कळतं तुला?" बायनाबाईंनी विचारलं.

"आपल्याला वाटतं, माणूस आधी ठरवतो आणि मग हात हलतो," ईश्वरीने सांगितलं. "पण ठरत असतं तेव्हाच हात निघालेला असतो. मनात चलबिचल असली की ती हाताच्या वाटेत दिसते. मूठ कधी हलली, कुठून वळली, किती वेळानं पोचली, हे सगळं हे यंत्र लिहून ठेवतं. विसर फार वाढायच्या आधीच तो हातावरून ओळखता येईल का, ते बघायलोत आम्ही."

बायनाबाईंना हे पटलं. त्यांना भंडाऱ्यातल्या त्या दोन पत्रावळी आठवल्या. मूठ धरली. टिंग झालं. मोठा ढीग उजवीकडं होता. हात उजवीकडं निघाला आणि अर्ध्या वाटेत डावीकडं वळून लहान ढिगावर जाऊन थांबला.

"मोठा घ्यायचा, मावशी."

"व्हय व्हय."

पुढच्या खेपेला हात मोठ्याकडं गेला, पण रेंगाळत. मग पुन्हा वळला. शंभर खेपा झाल्या तेव्हा कॉम्प्युटरवर रेघांचं जाळं दिसत होतं आणि त्यातल्या कितीतरी रेघा वाकलेल्या होत्या. चुकलं असं ईश्वरी त्यांना म्हणाली नाही. वहीत लिहीत राहिली. जाताना लाडू दिले ते थोडेच होते.

दुसऱ्या आठवड्यातही तेच झालं. बायनाबाई बाहेर ओट्यावर पाणी प्यायला बसल्या होत्या आणि आत ईश्वरी पुण्याला तिच्या मार्गदर्शक हेमा मॅडमशी फोनवर बोलत होती. दार उघडंच होतं.

"मॅडम, खेड्यातल्या सगळ्याजणींचं हेच येतंय. आपल्या परभणीच्या निरोगी गटाच्या रेषा सुतासारख्या सरळ आणि यांच्या विळ्यासारख्या वाकड्या. फरक इतका ठळक आहे ना!" ती खुशीत होती.

बायनाबाईंनी तांब्या खाली ठेवला. विळ्यासारख्या वाकड्या. म्हणजे हात वळतो, तो ही पोरगी आजार समजायलीय. आणि आपला हात कशानं वळतो ते तर आपल्याला ठाऊक आहे. मग सांगावं का? पण सांगणार कोण? जिला हळद आणलेली आठवत नाही, ती शिकल्या-सवरल्या पोरीला शहाणपण सांगणार? आठवडाभर त्या याच विचारात होत्या. तूर निवडताना हात थांबायचा, झाडताना थांबायचा. सविताने दोनदा विचारलं, काय झालं म्हणून. त्यांनी सांगितलं नाही. बोलून दाखवलं आणि सूनही "बरं बरं" म्हणून गोड हसली तर, ही भीती होती.

तिसऱ्या आठवड्यात त्या खोलीत शिरल्या आणि मूठ धरायच्या आधीच म्हणाल्या, "पोरी, मला तुला एक सांगायचंय."

"सांगा ना मावशी."

"ते तू त्या दिवशी फोनवर... आमच्या रेघा..." आणि पुढचं सगळं निसटलं. घरून येताना त्यांनी वाक्य जुळवलं होतं, ओठांवर आणून ठेवलं होतं. आता तिथं काही नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं, दारात दिनकरराव बसले होते, सविता भिंतीला टेकून उभी होती, आणि तिघंही त्यांच्याकडे बघत होते.

"राहू द्या मावशी. आठवलं की सांगा," ईश्वरी मायेनं म्हणाली.

तिचा आवाज तसाच गोड झालेला ऐकला आणि बायनाबाईंना राग आला.

"थांब. तोंडाला आठवंना गेलंय, हाताला आठवतंय. तो लाडवाचा डबा इकडं आन. आन् दोन ताटल्या."

ईश्वरीने डबा दिला. बायनाबाईंनी एका ताटलीत पाच लाडू ठेवले, दुसरीत दोन, आणि दोन्ही ताटल्या तिच्यापुढं सरकवल्या.

"घे. तुला हवी ती."

ईश्वरी सकाळच्या गाडीनं उपाशीच आली होती. तिनं हसून पाच लाडवांची ताटली ओढली.

बायनाबाईंनी ती परत घेतली आणि दोन्ही ताटल्या सवितापुढं धरल्या. "घे."

सविताचा हात मोठ्या ताटलीकडं जरासा गेला, थांबला आणि लहान ताटलीवर गेला. तिला ते कळलंही नाही.

मग बायनाबाई ताटल्या घेऊन दाराशी गेल्या. दिनकरराव बाहेर कुणाला तरी हात करत होते. त्यांनी न बघताच मोठी ताटली मांडीवर घेतली आणि एक लाडू तोंडात टाकला.

"बगितलं?" बायनाबाई वळल्या. सगळे शब्द आता रांगेनं उभे होते. "मोठा ढीग मला दिसत न्हाई असं न्हाई. दिसतो म्हनून तर हात आखडतो. आमी बाया, मोठा वाटा आधी आपन उचलत न्हाई. मायनं तसं शिकवलं, सासूनं हातावर मारून शिकवलं. तू म्हनायलीस मोठा घे, मोठा घे. माझं मन व्हय म्हनतंय, पन हाताला साठ वर्षांची खोड हाय. आता ही सविता, हिला काय इसर पडतो का? आन् हे बगा, ह्यांचा हात कसा सुतासारखा सरळ गेला! ह्यांचं डोकं का माझ्यापरीस चांगलं हाय?"

दिनकररावांचा लाडू घशातच राहिला. सविताने पदर तोंडाला लावला. ईश्वरी मात्र हसली नाही. ती सविताच्या हाताकडे बघत होती.

"आता मला दुसरं सांग," बायनाबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मूठ धरली. "घे म्हनू नको. म्हन, पाव्हनी आलीय, तिला वाढ."

ईश्वरीने यंत्रात काही बदललं नाही. फक्त म्हणाली, "पाहुणी लांबून आलीय, भुकेली आहे. जास्त असतील ते लाडू तिला वाढायचे."

टिंग. बायनाबाईंचा हात क्षणभर थांबला आणि मग सरळ मोठ्या ढिगावर गेला. पुन्हा टिंग, पुन्हा सरळ. सगळ्या खेपा चांगल्या झाल्या असं नाही. दोन ढीग जवळजवळ सारखे असले की त्या थांबून राहायच्या, चार-दोन वेळा चुकल्याही. पण हात निघाला की वळत नव्हता. पडद्यावर रेघांमागून रेघा उमटत गेल्या आणि त्यांत विळा जवळजवळ नव्हताच.

ईश्वरीने पहिल्या आठवड्याच्या रेघा काढून या रेघांशेजारी लावून पाहिल्या. "परभणीच्या गटात निवृत्त मास्तर आणि कारकून, म्हणजे पुरुषच जास्त," ती स्वतःशीच बोलल्यासारखी बोलली. "आणि आजाराच्या गटात सगळ्या खेड्यातल्या बाया. मी कशाची तुलना कशाशी करायलेय... मावशी, अकरा महिन्यांचं काम पाण्यात गेलं माझं."

बायनाबाईंनी मूठ सोडली. "मग सांगायला नको होतं का मी?"

"सांगायलाच पाहिजे होतं," ईश्वरी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. "कुणीच सांगितलं नव्हतं, मावशी. तेवीस जणी झाल्या तुमच्या आधी. कुणीच नाही."

पंधरा दिवसांनी हेमा मॅडम स्वतः पुण्याहून आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई. एका मावशींच्या सांगण्यावरून सगळा अभ्यास मोडायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलंही. आल्या आल्या त्यांनी दिनकररावांना विचारलं, "काका, नेमकं काय म्हणणं आहे यांचं?"

दिनकररावांनी टोपी सारखी केली. "मला नका इचारू, मॅडम. तिलाच इचारा. जरा थांबत थांबत बोलंल, पन बराबर बोलंल."

बायनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आजारपणाचं कळल्यापासून असं वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. मग त्यांनी सगळं परत सांगितलं. दोनदा अडखळल्या. हेमा मॅडम घाई न करता थांबल्या.

"ठीक आहे, मावशी. तपासून बघू," त्या म्हणाल्या. "तुमच्याच वयाच्या, विसर न पडणाऱ्या बाया मला या गावातून मिळतील का?"

मिळतील का म्हणजे काय! दुसऱ्या दिवशी बायनाबाई स्वतः घरोघर फिरल्या. वेड लागलं म्हणणाऱ्या घरांतही गेल्या. बारा जणी आणल्या. त्या बारा जणींची डोकी लख्ख होती, कुणाची आजी कुठल्या गावची इथपर्यंत त्यांना पाठ होतं, आणि "मोठा ढीग तुमचा" म्हटलं की बाराजणींचे हात वाटेत वळत होते. "पाहुणीला वाढा" म्हटलं की सरळ जात होते. हेमा मॅडमनी शेवटची रेघ पाहिली, चष्मा काढला आणि ईश्वरीला म्हणाल्या, "नव्यानं करायचं. निरोगी गटसुद्धा इथलाच, याच गावांतला घ्यायचा."

ईश्वरीला आणखी पाऊण वर्ष लागलं. पावसाळ्यात रस्ते खराब झाले, यंत्राची मूठ एकदा बिघडली, दोघी-तिघींनी मधेच नको म्हटलं आणि कागदावर लिहिलं होतं तसं त्यांना कुणी कारण विचारलं नाही. बायनाबाई सगळ्या खेपांना गेल्या. त्या वर्षी तूर कुठल्या तुकड्यात पेरायची हे दिनकररावांनी त्यांना विचारलं. त्यांनी नाल्याकडचा तुकडा सांगितला. आदिनाथनं फोनवर दुसरा सुचवला होता. पेरणी नाल्याकडच्या तुकड्यात झाली.

पुढच्या पौषात परभणीच्या एका सभागृहात, अभ्यासात भाग घेतलेल्या सगळ्यांना निष्कर्ष सांगायला बोलावलं. बायनाबाईंनी ठेवणीतलं हिरवं इरकल नेसलं. कार्यक्रमाआधी ईश्वरी त्यांना बाजूच्या खोलीत घेऊन गेली.

"मावशी, आधी तुमचं स्वतःचं सांगते. ऐकायचंय ना?"

"म्हनून तर आले."

"वाढायच्या खेळात तुमचा हात सरळ जातो, गावातल्या निरोगी बायांसारखाच. पण निघायच्या आधी तो जास्त वेळ थांबतो. ढीग सारखे असले की फारच. तेवढा भाग आजाराचा आहे."

"म्हंजी आजार हायच."

"आहे."

"वाढलाय का?"

"वर्षभरात फारसा नाही. पुढचं मला सांगता येणार नाही."

बायनाबाईंनी मान हलवली. आतून काहीतरी दुखलं, नाही असं नाही. पण जेवढं आहे तेवढं, ना कमी ना जास्त, असं आज कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. गावानं लावलेलं वेड त्यात नव्हतं आणि सासूनं लावलेली खोडही आजारात गणली नव्हती.

"आणि एक विचारायचं होतं," ईश्वरी म्हणाली. "अभ्यासात कुणाचं नाव सांगायचं नसतं. पण खेळ कुणामुळं बदलला ते मॅडमना आज सगळ्यांपुढं सांगायचंय. तुमचं नाव घेतलं तर चालेल का? नाही म्हणालात तरी चालेल."

"घ्या. पुरं घ्या, आडनावासकट."

सभागृहात शंभरेक माणसं होती. कमी बोलणाऱ्या हेमा मॅडम त्या दिवशी बऱ्याच बोलल्या. यंत्र कसं, रेघा कशा, ते त्यांनी पडद्यावर दाखवलं. मग म्हणाल्या, "आमचा प्रश्नच चुकीचा होता. माणसाची रीत आम्ही माणसाचा आजार समजत होतो. हे आम्हाला पुण्यात कुणी दाखवलं नाही. ज्यांना तपासायला आम्ही आलो होतो, त्यांनी दाखवलं." आणि त्यांनी नाव घेतलं. पुरं, आडनावासकट, मुक्काम पेडगाव.

टाळ्या वाजल्या तेव्हा काय करायचं ते बायनाबाईंना समजेना. सविताने कोपर मारलं म्हणून त्या उभ्या राहिल्या. वळून पाहिलं तर मागच्या रांगेत पेडगावच्या त्या बाराजणी बसल्या होत्या आणि हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवत होत्या. दिनकरराव शेजारच्या अनोळखी माणसाच्या दंडाला धरून सांगत होते, "आमचीच हाय ती. आमची मालकीन." एरवी चारचौघांत बायकोचा विषयसुद्धा न काढणारे दिनकरराव. आदिनाथ गंगाखेडहून रजा टाकून आला होता. तो आईच्या पायांना हात लावून बराच वेळ खाली वाकून राहिला.

माघ लागला आणि ईश्वरीचा फोन आला. आता पालमला असंच केंद्र सुरू करायचं होतं. तिथल्या बायांना खेळ कसा समजावायचा, कुठला शब्द टोचतो, कुठला पटतो, हे ठरवायला बायनाबाई येतील का? दर मंगळवारी. दिनकरराव म्हणाले, "मी येतो संगं." बायनाबाईंनी जरा वेळ विचार केला. तो वेळ त्यांना लागायचाच, आणि घरात आता तेवढा वेळ कुणीही थांबायचं. मग त्या म्हणाल्या, "तुमी नको. तूर काढायला आलीय. सविता येईल."

पालमच्या खोलीत पहिल्या मंगळवारी एक साठीची बाई पदर घट्ट धरून बसली होती. लेकानं आणून सोडली होती. यंत्राकडं तिनं पाहिलंच नव्हतं. बायनाबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या.

"तुमी डॉक्टरीनबाई का?" तिनं भीत भीत विचारलं.

"न्हाई गं. तुला जो इसर पडतो ना, तोच मला बी पडतो. ही परीक्षा मी दिलीय. आन् हिच्यात चूक होती, ती मीच काढलीय."

त्या बाईनं पहिल्यांदा मान वर केली. पदरावरची तिची मूठ जरा सैल झाली. तिनं आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, किती लेकरं ते सांगितलं. बायनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या तिच्याजवळ सरकल्या आणि बिनदिक्कत म्हणाल्या, "नाव काय म्हनलीस, बाई? इसरले मी. पुन्ना सांग."